लांब बाह्यांचा फ्रॉक

"तुझी बॅटरी कुठे बसवलीय गं?"

हा प्रश्न मी विचारला खरा, पण तो माझा नव्हता. चष्मिस आणि लंबू या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. शाळा सुटल्यावर आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून दोघी आतल्या स्टुलाकडे बघत होत्या. स्टुलावर समोरच्या औषधवाल्या काकूंची पुतळी बसली होती. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, हात मांडीवर, दप्तर पायाशी. पंख्याच्या वाऱ्यानं केस उडत होते म्हणून बरं, नाहीतर फ्रॉक घालून काचेमागे उभी करायची बाहुलीच वाटली असती.

"ही जिवंत आहे ना नक्की?" लंबू म्हणाली.

"बॅटरीवर चालत असेल," चष्मिस म्हणाली. "विचार की तिला. का घाबरतेस?"

मी आणि घाबरणार! गेल्या महिन्यात शाळेच्या मैदानावर माईक बंद पडला, तेव्हा अख्ख्या शाळेपुढे बिनमाईकच्या सूचना मी वाचल्या होत्या आणि शेवटच्या रांगेतल्या मुलांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या. तोपर्यंत 'भोंगा' हे मला चिडवायचं नाव होतं. त्या दिवसापासून ती पदवी झाली.

तर मी आत गेले, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं. पायरीवर दोघी फिसकन हसल्या.

पुतळी हसली नाही. ती तिसरीत, मी नववीत. एवढ्या मोठ्या ताईनं आपल्याला काहीतरी विचारलं याचंच तिला अप्रूप वाटलं असावं. तिनं नीट विचार केला आणि हळू आवाजात म्हणाली, "बॅटरी नाही गं ताई. शिकावं लागतं. पाय जवळ घ्यायचे. श्वास नाकानं घ्यायचा, हळू. खुर्ची वाजू द्यायची नाही. मग आपण घरात आहोत हे कुणाला कळतच नाही. तुला शिकवू?"

तुला शिकवू! मला! माझ्या बाबांच्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हो, ते स्टूल माझं होतं. आमचं शिलाईचं दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. बाबा मोठ्या टेबलावर कापड कापतात, आई मशीनवर शिवते, आणि कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा केलीय. टेबल आणि मशीन यांच्या मधोमध ते स्टूल. पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून मी तिथे बसून दोघांच्या मध्ये बडबड केलीय. मग समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंनी आईला विचारलं, "वहिनी, शाळा सुटली की माझी मुलगी तुमच्याकडे बसली तर चालेल का? हिचे वडील कामाला बाहेरगावी, आणि माझ्याकडे गिऱ्हाईकांत लहान मूल बरं दिसत नाही." आई हो म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून माझं स्टूल पुतळीचं झालं आणि मी कापडाच्या गठ्ठ्यावर.

नुसतं स्टूल गेलं असतं तर चाललं असतं. पण आईसुद्धा जायला लागली.

"बघ जरा तिच्याकडे. एवढीशी पोर, पण पाण्याचा पेलासुद्धा विसळून ठेवते."

"बघ, कशी शांत बसलीय. तू या वयात माझी कात्री घेऊन कुत्र्याचे केस कापत होतीस."

"बघ" हा शब्द आमच्या घरात दिवसातून इतक्या वेळा निघायला लागला, की मला डोळे मिटून फिरावंसं वाटायचं. आणि माप घ्यायची वेळ आली तर विचारूच नका. माझं माप घेणं म्हणजे आईच्या मते पळत्या बकरीला शर्ट घालणं. मी वळते, मी वाकते, टेप काखेतून गेली की गुदगुल्या होऊन किंचाळते. सगळीच मुलं हसतात हो तेव्हा! गणवेशाच्या हंगामात आमच्या दुकानात दिवसभर तोच आवाज असतो, टेप काखेत गेली की खिदळणं. पुतळी मात्र हसायची नाही. हात वर कर म्हटलं की वर, वळ म्हटलं की वळली. आईनं टेप काढून घेतली तरी 'झालं' म्हणेपर्यंत हात वरच.

"अशी मापाला उभी राहणारी मुलं मिळाली तर मी जन्मभर शिवेन," आई म्हणायची. शिंप्याच्या घरात न हलणारं मूल म्हणजे सोनं. बाकीची दुनिया मुलांमध्ये काय बघते ते मला माहीत नाही, आम्ही एवढंच बघायचो.

संध्याकाळी औषधवाल्या काकू तिला न्यायला यायच्या. कडक इस्त्रीची साडी, गोड आवाज. गल्लीत कुणाचं मूल तापलं तर आधी त्यांनाच विचारतात. दारात उभ्या राहून त्या रोज एकच विचारायच्या, "त्रास नाही ना दिला हिनं?"

"अहो ताई, कसला त्रास! गुणाची आहे पोर."

आणि मी गठ्ठ्यावर बसून जळायचे.

पण जळणाऱ्या माणसाला एक सवय लागते. त्याची नजर हटत नाही. मला पुतळीत एक तरी खोट सापडायला हवी होती, म्हणून मी तिच्याकडे जेवढं बघितलं तेवढं कुणीच बघितलं नसेल. आईनं दोन बिस्किटं दिली की ती एक खायची आणि दुसरं मोज्यात सरकवायची. मी विजयी होऊन आईला सांगितलं, "चोरते ती!" आई म्हणाली, "चोरते कसली, साठवते. तुझ्यासारखं समोर आलं की फस्त नाही करत." दुपारी ती बसल्या जागी झोपायची, पण पाठ भिंतीला न टेकता, आणि बाबांची कात्री टेबलावर जरा जोरात पडली की दोन्ही हात डोक्यावर जायचे. मी म्हटलं, "नाटकी आहे." तिची एक दाढ काळी पडली होती आणि त्या बाजूनं ती चावायचीच नाही. मी म्हटलं, "आईचं औषधांचं दुकान आणि हिची दाढ बघा!" बाबा म्हणाले, "कुणाच्या व्यंगावर बोलू नये."

आणखी एक गोष्ट मला दिसायची. काकू दारात तो रोजचा प्रश्न विचारायच्या तेव्हा पुतळी स्वतःच्या आईकडे बघायची नाही. माझ्या आईच्या तोंडाकडे बघायची. 'गुणाची आहे' हे शब्द बाहेर पडले की तिचे खांदे खाली यायचे. मला वाटायचं, किती हावरट आहे कौतुकाची! रोज ऐकते तरी पोट भरत नाही.

सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी त्याची बेरीज 'आगाऊ' अशी करत होते.

मग तो बटणांचा दिवस आला. बाबांनी मला बटणं निवडायला बसवलं होतं. मी कोटाची दोन मोठी बटणं डोळ्यांवर धरली, टेप गळ्यात घातली आणि आमच्या मुख्याध्यापिका बाईंची नक्कल सुरू केली: "मैदानावर कागद कुणी टाकला? ज्यानं टाकला त्यानं स्वतःहून पुढे यावं, नाहीतर मी वासावरून ओळखीन!" बाबा खो खो हसत होते. आणि मध्येच एक नवीनच आवाज आला. गंजलेली कडी निघावी तसा. पुतळी हसत होती! आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग इतकी, की स्टुलावरून घसरून बटणांच्या ढिगात बसली. बटणं खोलीभर उधळली. ती आणखी हसली. बाबांनी तिच्या डोक्यावर एक टोपी घातली आणि म्हणाले, "या बाई, आता तुमची नक्कल होऊ द्या!" तिनं खरंच केली. माझी! कमरेवर हात ठेवून, मान उडवून, "तुझी बॅटरी कुठे बसवलीय गं?"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला राग आला, कारण नक्कल अगदी हुबेहूब होती.

तेवढ्यात काकू दारात. "त्रास नाही ना दिला हिनं?"

"त्रास?" बाबा अजून हसतच होते. "अहो ताई, आज दुकान डोक्यावर घेतलं तुमच्या पुतळीनं! नुसता धुडगूस! बटणं वेचता वेचता कंबर मोडणार आमची!"

बाबा असेच बोलतात. ज्याचं जास्त कौतुक वाटतं त्याची जास्त तक्रार करतात. आमच्या घरात ते सगळ्यांना कळतं.

काकूही हसल्या. "हो का? अस्सं?" म्हणाल्या. आणि मी बघितलं, टोपी डोक्यावर तशीच होती, पण पुतळीनं पाय जवळ घेतले होते.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. स्टूल रिकामं होतं, मी त्यावर बसले, आणि खोटं कशाला बोलू, मला छान वाटलं.

त्यानंतरच्या दुपारी काकू तिला घेऊन आल्या. "वहिनी, हिला उन्हाची अ‍ॅलर्जी उठलीय. आजच्या आज एक पूर्ण बाह्यांचा फ्रॉक होईल? मनगटापर्यंत. आणि कॉलर जरा वर. दुकान बंद करताना घेऊन जाते." आई म्हणाली, "तुमच्यासाठी नाही कसं म्हणू!" काकू रस्ता ओलांडून गेल्या.

आईच्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं तरी अर्धवट काम होतं. ती मला म्हणाली, "जा, तेवढं बाहीचं माप घे. आणि तिच्याशी नीट वाग."

मी टेप घेऊन पडद्याआड गेले. अंगात जुना फ्रॉक, वरून अंगाला न शोभणारा कुणाचा तरी मोठा शर्ट. "हात वर," मी आईच्या थाटात म्हटलं. पुतळीचा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. "आणखी वर कर की. मापाला तर तू नंबर एक ना?" तिनं ओठ चावून वर केला. शर्टाची बाही घसरली, सैल गळाही खांद्यावरून उतरला.

दंडाच्या आतल्या बाजूला, अंगाला चिकटून असते त्या मऊ जागी, चिमट्यांच्या खुणा होत्या. काही निळ्या, काही हिरवट, काही पिवळ्या पडलेल्या. म्हणजे सगळ्या एका दिवसाच्या नव्हत्या. आणि खांद्यामागे लालभडक वळ, वायर दुमडून हातात धरली तर जसं टोक होतं तशा आकाराचे.

"हे काय गं?"

"पडले."

"कुठून?"

"जिन्यावरून."

आता ऐका, पडण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. मी झाडावरून पडलेय, सायकलवरून पडलेय, सपाट रस्त्यावरून पडलेय. माझे गुडघे, कोपरं, हनुवटी बघा, नकाशा आहे नुसता. पडताना माणूस हात पुढे टाकतो. दंडाच्या आतल्या बाजूवर आजवर मी एकदाही पडलेले नाही. कुणीच पडत नाही.

माझा आवाज, जो गल्लीच्या टोकापर्यंत जातो, तो कसाबसा तिच्या कानापर्यंत गेला. "त्या दिवशी हसलीस म्हणून?"

तिनं पडद्याकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, तुझ्या बाबांना सांग ना, पुन्हा तसं सांगू नका म्हणून. गुणाची आहे एवढंच सांगायचं. मग जेवायला मिळतं आणि बाथरूमची कडी लावत नाहीत."

"बाथरूमची?"

"आतला दिवा बाहेरून बंद होतो ना." तिनं जणू मला घराची रचना समजावून सांगितली. मग म्हणाली, "तुझं बरंय."

"माझं काय बरंय?"

"आमच्या खिडकीतून ऐकू येतं. तुझी आई तुला किती ओरडते! तू पण ओरडतेस. मग थोड्या वेळानं ती म्हणते, चल गिळायला. आणि तू जातेस." तिनं शर्टाची बाही पुन्हा मनगटापर्यंत ओढली. "मला ते ऐकलं की तुझा फार राग येतो."

टेप माझ्या हातातून खाली पडली. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते, ती रस्त्यापलीकडून मला पडणाऱ्या शिव्यांवर जळत होती.

"बाही लांब शीव हां," ती म्हणाली. "इथपर्यंत. नाहीतर शाळेत बाई विचारतील, आणि मी काहीतरी चुकीचं बोलेन."

मी तिला खाली बसवलं आणि दप्तरातला माझा न खाल्लेला डबा तिच्या मांडीवर उघडला. "खा. सगळं. साठवायचं नाही." आणि पडदा सारून बाहेर आले.

"घेतलंस माप?" आईनं मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, म्हणूनच बहुतेक आईचं मशीन थांबलं. मला हळू बोलताना तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"असेल चिमटा काढला एखादा," ती म्हणाली. "एकटी बाई, दुकान सांभाळून मूल वाढवते. हात उठतो कधी कधी. मी नाही तुला धपाटा दिला?"

"आई, तू धपाटा दिलास की मी तुझ्या नावानं गल्ली गोळा करते. ती माझ्याकडून बाही लांब करून घेतेय. झाकायला! आणि धपाट्यानंतर तू मला अंधारात कोंडलंयस कधी? उपाशी ठेवलंयस?"

"पण काकू किती चांगल्या आहेत..."

"आपल्याशी चांगल्या आहेत."

"दुसऱ्याच्या घरात आपण कसं नाक खुपसायचं? आणि असं काही असतं तर पोर बोलली नसती का?"

"ती रोज सांगत होती! बिस्किटं मोज्यात घालत होती. कात्री वाजली की डोकं झाकत होती. माप घेताना हसत नव्हती. तिला गुदगुल्या होत नाहीत असं वाटलं का आपल्याला? कुणाचाही हात अंगाला लागला की ती वाट बघते, आता काय होणार याची. आणि आपण म्हणत होतो, काय छान उभी राहते!"

आईनं मशीनवरचं कापड उगाचच सरळ केलं. "शाळा सुरू झाली तेव्हा तिचा जुना फ्रॉक आला होता माझ्याकडे," ती म्हणाली. "सगळ्या मुलांचे उसवून मोठे केले मी. हिचा कमरेत आत घेतला. वाढत्या वयातली पोर, आणि मी आत घेतला. टीप मारताना मनात आलं होतं. पण म्हटलं, चला, बांधा बारीक असेल." तिनं पदर तोंडाला लावला.

बाबा टेबलाशी उभे होते. हातात कात्री, कात्रीत कापड, अर्धं कापलेलं. ते एकदाच बोलले. "मी गंमत केली होती गं."

त्यांचा तो चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता आणि मला पुन्हा बघायचाही नाही.

"बाबा, तुमची गंमत चुकीची नव्हती. मूल हसलं हे ऐकून घरी जाऊन मारणारं माणूस चुकीचं होतं."

रस्त्यापलीकडे काकू एका आजोबांना गोळ्या समजावून सांगत होत्या. सकाळी ही, रात्री ही, उपाशीपोटी घेऊ नका. आजोबांनी हात जोडले. गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं, असलं काही शक्यच नाही. म्हणूनच तर ते इतके दिवस शक्य झालं.

"मी जाऊन त्यांना समजावते," आई उठत म्हणाली. "बाई बाईशी बोलली तर..."

"नाही, आई! तू समजावशील, त्या गोड हसतील, आणि घरी गेल्यावर कडी लागेल. 'तूच सांगितलंस ना?' म्हणून." माझा आवाज परत आला होता. "त्यांना आधी कळता कामा नये. आधी अशा माणसांना कळलं पाहिजे, जी आज संध्याकाळी येऊन तिला बघतील."

"कोण येणार? आणि खोटं निघालं तर? समोर राहायचंय आपल्याला. अख्खी गल्ली म्हणेल, शिंप्यानं चांगल्या घराची अब्रू काढली."

"खोटं निघालं तर मी गल्लीच्या मधोमध उभी राहून काकूंची माफी मागेन, बिनमाईकची. आणि खरं निघालं आणि आपण गप्प राहिलो तर कुणाची मागायची?"

पडद्याआडून चावण्याचा आवाज येत होता, एकाच बाजूनं, भराभर, कुणी हिसकावून घेईल या घाईनं. आम्ही तिघंही तो ऐकत उभे होतो. बाबांनी कात्री टेबलावर ठेवली. आवाज होऊ नये म्हणून आधी खाली हात धरून, मग हळूच.

मी टेबलावरून त्या लांब बाह्यांच्या फ्रॉकसाठी काढून ठेवलेलं कापड उचललं, घडी केली आणि वरच्या फळीवर टाकलं. मग आईचा फोन घेतला. मुलांच्या मदतीचा नंबर आमच्या वर्गात दाराशेजारी चिकटवलाय. रोज येता-जाता वाचून पाठ झालाय, आणि तो दुसऱ्या कुठल्यातरी मुलांसाठी असतो असं मला कायम वाटत आलंय.

"आई, बाबा, ऐका," मी म्हटलं. "मी फोन लावतेय. आत्ता, काकू शटर ओढायच्या आत. त्यानंतर पुतळीच्या वर्गशिक्षिकेलाही लावणार. मी माझं नाव सांगणार, दुकानाचा पत्ता सांगणार, जे बघितलं ते सगळं सांगणार. तुम्ही शेजारी उभे राहिलात तर मला बरं वाटेल. नाही राहिलात तरी मी बोलणार. आणि तोपर्यंत या घरात कुणीही तो फ्रॉक शिवायचा नाही."